डाव्या बाजूचे आकडे

मी, खाली सही करणारी, सत्तरी ओलांडलेली, अविवाहित, धंद्याने दातांच्या कवळ्या बनवणारी व आता त्यातून निवृत्त, राहणार याच दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो पण अक्षर लागते, आणि हे लिहायला मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट वकीलबाईंनी यातला निम्मा मजकूर गाळायला सांगितला होता. तो मी गाळलेला नाही. यापूर्वी एकदा मी मृत्युपत्र केले होते आणि त्यात सर्व काही माझ्या थोरल्या भावाला दिले होते. दादा माझ्याआधी गेला. तेव्हा ते रद्द समजावे आणि हेच खरे धरावे.

कलम १. घर, म्हणजे दोन्ही मजले, मागचे अंगण आणि मधला जिना, दादाच्या एकुलत्या एक मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, द्यावे. ती लिफ्ट दुरुस्त करण्याचे काम करते. आत्याच्या घराला लिफ्ट नाही यावरून ती मला कायम बोल लावत आली. आता घर तिचे आहे, तिला काय बसवायचे ते बसवावे. जिन्याचा वाकलेला कठडा मात्र बदलू नये. दादा आजारातून उठल्यावर त्याच्या आधाराने पहिल्यांदा वर चढला, तेव्हा तो वाकला आहे.

कलम २. खालची कामाची खोली, म्हणजे दगडी ओटा, मेण वितळवायचा दिवा, सुऱ्या, कोरण्या, पॉलिशचे चाक आणि दातांच्या रंगछटांची पट्टी, ही माझ्या मदतनीसबाईने वापरावी. तिला सगळे सांडलवंड म्हणतात. आल्या आल्या तिने प्लॅस्टरचे अख्खे पोते जिन्यावरून सोडले होते आणि आम्ही दोघी पिठात लोळलेल्या माशांसारख्या दिसत होतो. आज तिच्या हातची कवळी माझ्या कवळीपेक्षा हलकी बसते. भाचीने तिच्याकडून खोलीचे भाडे मागू नये.

फळीवर गावातल्या माणसांच्या जबड्यांचे ठसे ओळीने ठेवले आहेत. त्यातली बरीचशी माणसे आता नाहीत. दुपारचे ऊन खिडकीतून आत आले की ते सगळे जबडे एकदम काहीतरी गायला सुरुवात करतील असे वाटते. मी कित्येकदा हातातले काम थांबवून वाट पाहिली आहे. ते ठसे सांडलवंडने टाकू नयेत.

कलम ३. चौकातल्या दंतवैद्यांना मी काहीही देत नाही. त्यांनी आयुष्यभर मला वाकडे ठसे पाठवले आणि कवळी टोचली की रोग्यासमोर माझे नाव घेतले. त्यांनी पाठवलेला एक ठसा मी जपून ठेवला आहे. तसा जबडा कोणत्याही माणसाला असू शकत नाही. तो कागदात गुंडाळून त्यांच्याकडे पोचवावा. सोबत चिठ्ठी नको, त्यांना कळेल.

कलम ४. बँकेत जे काही असेल ते भाची आणि सांडलवंड यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. त्यावरून एकमेकींशी अबोला धरू नये.

कलम ५. माझ्यामागे गर्दी जमवू नये. ज्यांना यायचे ते येतील. मला माझ्या रोजच्या कपड्यांत न्यावे. कवळी काढू नये. ती मी स्वतःसाठी बनवलेली आहे आणि माझ्या हातून तितके चांगले काम पुन्हा झाले नाही.

कलम ६. हे कलम शेवटी ठेवले, कारण वकीलबाईंच्या मते हे कलमच नाही. हातात धरून खेळायचा जो गेम माझ्याकडे आहे, त्याचे यंत्र ही जंगम मिळकत आहे, ते कुणालाही देता येते. पण त्यातल्या प्राण्यांना मिळकत म्हणता येत नाही, असे त्या म्हणाल्या. ठीक आहे. मी यंत्र देते, आणि आत काही प्राणी राहायला आहेत एवढे नमूद करते.

ते कोणाला का द्यायचे, हे कळण्यासाठी दादाबद्दल सांगणे भाग आहे.

दादा तरुणपणी पळायचा आणि नंतर दुसऱ्यांना पळायला शिकवायचा. गळ्यात शिट्टी, हातात थांबघड्याळ. मैदानावर मुलांच्या पोटऱ्या पाहून तो सांगायचा, हा होईल, हा होणार नाही. मी हळू. जेवायला हळू, बोलायला हळू, एक दाढ कोरायला सकाळ घालवणारी. लहानपणी त्याने माझे नाव गोगलगाय ठेवले. पुढे त्याचे गोगल झाले आणि तेच राहिले. वहिनी गेल्यानंतर तो एकटाच राहत असे. मग त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि अंगाची डावी बाजू गेली. मी त्याला इथे घेऊन आले.

डावी बाजू गेली म्हणजे हातपाय तर लुळे पडलेच, पण ती बाजू त्याच्या जगातूनच निघून गेली. डोळे चांगले होते, तरी डावीकडचे काही त्याच्या ध्यानात येत नसे. ताटातले उजवीकडचे जेवायचा आणि वाढलं नाहीस म्हणून कुरकुरायचा. मी ताट फिरवून दिले की भाजी कुठून आली याचे त्याला नवल वाटे. दाढी अर्धीच करायचा. मी डावीकडे बसले तर माझा आवाज ऐकू येई, मी दिसत नसे. अर्धे घर त्याच्यासाठी धुक्यात गेले होते, आणि मी त्या धुक्यात राहत होते.

व्यायाम करून घ्यायला इस्पितळातून एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, डाव्या अंगठ्यात थोडी हालचाल उरली आहे, त्याला काम द्या आणि नजर डावीकडे वळवत राहा. दादा चेंडू दाबायला तयार नव्हता. चेंडू दाबून कुणी बरा झालेला मी पाहिला नाही, असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. तेव्हा भाचीने तिचे जुने खेळायचे यंत्र आणून त्याच्या मांडीवर ठेवले. डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा, उजव्याने बटणे दाबायची. गवतातून, पाण्याकाठून हिंडायचे, अनोळखी प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचे. दादाने नाक मुरडले. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर तो जीभ चावत एका तळ्याला प्रदक्षिणा घालत होता.

अडचण अशी की प्राण्यांचे सगळे आकडे पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात होते, म्हणजे त्याच्यासाठी नव्हतेच. मग मी डावीकडे स्टूल ओढून बसले आणि आकडे मोठ्याने वाचू लागले. अशा आमच्या दुपारी सुरू झाल्या. खालून पॉलिशच्या चाकाची घरघर यायची, हवेत प्लॅस्टरची धूळ सोन्यासारखी तरंगायची आणि मी वाचायची: जीव चाळीस, हल्ला बावन्न, बचाव एकोणीस, वेग नव्वद.

वाचता वाचता मला ते समजू लागले. जीव म्हणजे किती सोसून प्राणी उभा राहील. हल्ला आणि बचाव यांचा अर्थ उघड आहे. वेग म्हणजे पळणे नव्हे. दोघे समोरासमोर आले की आधी हात कुणी उचलायचा, एवढेच वेग ठरवतो. पण एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे दोन प्राणी घेतले तरी आकडे सारखे नसतात. त्यातला थोडा भाग जन्माचा असतो आणि तो पडद्यावर कुठेच लिहिलेला नसतो. दोघांना शेजारी ठेवून ताडावा लागतो. थोडा भाग कमाईचा, म्हणजे तो प्राणी कुणाकुणाशी लढला त्याचा. आणि प्रत्येकाला एक स्वभाव असतो. उतावळा असेल तर वेग चढतो, बचाव उतरतो. निवांत असेल तर नेमके उलट. स्वभाव एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालतो, स्वतःचे काही देत नाही.

अपग्रेड करायचे तर रंगीत खडे चारायचे. एकेका रंगाचा खडा एकेक गुण वाढवतो. पण प्राण्याच्या पोटात मावतील तेवढेच. एका गुणात सगळे भरले की बाकीच्यांना जागा उरत नाही, आणि घातलेला खडा परत काढता येत नाही.

दादाचा लाडका प्राणी म्हणजे ठिणगी. कोल्ह्याच्या तोंडाचा, सरड्याच्या शेपटीचा. त्याने मिळेल तो खडा तिच्या वेगात घातला. ती नेहमी आधी झडप घालायची आणि समोरच्याचा पहिला फटका बसला की आडवी व्हायची. मी हळूच म्हणायची, थोडं बचावात घालू या. तो म्हणायचा, जातिवंत आहे, बचाव कशाला लागतो. दुसरा प्राणी मी मागितला म्हणून त्याने पकडला. तो होता मातीचा गोळा, दोन डोळे आणि चेहऱ्यावर झोप. त्याचे नाव आम्ही ढेकूळ ठेवले. वेग इतका कमी की मी तो आकडा वाचला की दादा हसायचा. उरलेसुरले खडे ढेकळाच्या वाट्याला यायचे, जीवात आणि बचावात.

रविवारी भाची तिचे यंत्र घेऊन यायची आणि बापाशी लढायची. तिने एकदाही त्याला जिंकू दिले नाही. मला त्याचे कारण माहीत होते. लहानपणी दादाने तिला मैदानावर घातले होते. एका शर्यतीनंतर, सगळ्या मुलांसमोर, तो तिला म्हणाला होता की तुझ्यात तो दम नाही. त्यानंतर ती पळाली नाही, आणि त्या दोघांत कामापुरतेच बोलणे उरले. आता ती त्याची नखे कापायची, औषधे आणायची आणि रविवारी त्याला हरवायची. हरला की तो भिंतीकडे बघत बसायचा. मी मधे पडले नाही. मला दोघेही दिसत होते, पण दोघांना जोडेल असे काही माझ्याजवळ नव्हते.

मग तळ्याच्या पलीकडची वाट उघडली आणि तिच्या टोकाला दादाला चंद्रखडा मिळाला. अख्ख्या खेळात तो एकदाच मिळतो. ज्याला द्यावा त्याचे रूप कायमचे बदलते, सगळे गुण वाढतात. भाचीने सांगितले की ठिणगीलाही चालेल, ढेकळालाही. दादा तो ठिणगीलाच देणार, हे सगळ्यांना माहीतच होते. तरीही तो खडा त्याने बरेच दिवस तसाच ठेवला. त्या दिवसांत तो मला त्याची स्वप्ने सांगायचा. खेळातल्या त्या गवतात तो जायचा, आणि तिथे डावीकडेही आभाळ असायचे. मी विचारले, पळत होतास? तो म्हणाला, "नाही गं. नुसता उभा होतो. पाय ओले होत होते."

एका दुपारी आकडे वाचता वाचता मला स्टुलावरच डुलकी लागली. माझ्याही स्वप्नात तेच गवत आले. फळीवरचे जबडे त्यात शिंपल्यांसारखे पडले होते आणि वारा त्यांतून गात होता. जाग आली तेव्हा खोलीत अगदी शांत होते. दादाची मान डावीकडे वळलेली होती. आपली आपण, माझ्या हाकेशिवाय. तो माझ्याकडे बघत होता.

"तू इथं बसतेस होय, गोगल," तो म्हणाला.

त्याने यंत्र माझ्यापुढे सरकवले. आकड्यांपाशी पोचायला त्याने किती वेळ मान ओढली असेल कोण जाणे. पडद्यावर ढेकूळ उभा होता, पण आता तो एक लहानशी टेकडी झाला होता, आणि टेकडीवर झाड उगवले होते. चंद्रखडा त्याने ढेकळाला दिला होता. ठिणगीला का नाही, असे मी विचारले.

"ठिणगी पहिल्याच फटक्यात जाते. मग मी दिवसभर काय बघू? हा राहतो. तू वाचत राहतेस, हा राहतो."

त्या रविवारची लढाई चहा गार होईपर्यंत, मग पुन्हा केलेला चहाही गार होईपर्यंत चालली. ठिणगी नेहमीप्रमाणे आधी झेपावली आणि आधी गेली. मग टेकडी पुढे आली. भाचीचा घारीसारखा प्राणी प्रत्येक खेपेला आधी वार करायचा, टेकडीचा थोडा जीव जायचा, आणि मग टेकडी आपली पाळी आली की मुळांनी पाणी ओढून पुन्हा थोडी भरायची. मी वाचत होते. जीव एवढा, जीव तेवढा. सांडलवंड चाक बंद करून वर आली आणि दारात टेकली. हळूहळू घार दमली आणि खाली उतरली. भाची पहिल्यांदा हरली. तिने यंत्र मांडीवर पालथे ठेवले.

दादा पडद्याकडेच बघत होता. तो म्हणाला, "तुला मी सगळे खडे वेगातच घातले. तुला कधी विचारलं नाही."

भाची म्हणाली, "मला पळायला आवडायचं, बाबा. तुमची शिट्टी आवडायची नाही."

"आणि तो दम नाही म्हणालो ते?"

"ते तर नाहीच."

त्याने मान वळवली. ती त्याच्या डावीकडे बसली होती, म्हणून त्याला वेळ लागला. पण तो वळला, आणि तिच्याकडे बघत राहिला. क्षमा वगैरे शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. त्याने तिला विचारले की घारीचा स्वभाव कोणता आहे. ती म्हणाली, उतावळा. तो म्हणाला, माझ्यावर गेलीय. मग ती हसली, आणि हसता हसता तिने तोंड ओंजळीत लपवले. मी आणि सांडलवंड तिसऱ्यांदा चहा टाकायला खाली गेलो.

त्यानंतर ती रविवारपर्यंत थांबेना. काम संपले की गणवेशातच यायची, हाताला ग्रीस लागलेले. दोघे लढायचे, कधी हा जिंके, कधी ती. सकाळी ती नदीकाठाने पळूही लागली. दादाने तिला एकदाही वेळ विचारली नाही. हे त्याला किती जड गेले असेल ते मला ठाऊक आहे.

थंडी पडायला लागल्यावर दादा खुर्चीत बसल्या बसल्या गेला. दुपार होती. मी आकडे वाचत होते आणि दर आकड्यामागे येणारे त्याचे हुं आले नाही. टेकडी गवतात उभी होती. कुणी बटण दाबले नाही तर थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा होतो. तो मंद व्हायला लागला, म्हणून मी हात पुढे करून एक बटण दाबले. मग पुन्हा दाबले. भाची येईपर्यंत मी तो काळा होऊ दिला नाही.

पुढे बरेच आठवडे मी त्या यंत्राला हात लावला नाही. एकदा भाचीने आग्रह केला, म्हणून ते मांडीवर घेऊन दादाच्या खुर्चीत बसले आणि त्याला पहिल्यांदा स्वतः चालवले. सवयीने डोळे आकड्यांवर गेले. ते सगळे पाठ होते, वाचायला कुणी नव्हते. मग नजर उजवीकडे गेली. इतक्या दुपारी मी त्या पडद्याशेजारी बसले होते आणि उजवा अर्धा भाग मी कधी पाहिलाच नव्हता. तिथे केवढे आभाळ होते. पाण्यावर पांढरे पक्षी होते. गवत वाऱ्याने वाकायचे, पुन्हा उभे राहायचे, आणि दूर कुठेतरी कुणाच्यातरी घरात दिवा होता. दादा हे बघायचा. मी वाचत असताना तो रोज हे बघायचा. मी संध्याकाळपर्यंत तिथे हिंडले. कुणाशी लढले नाही.

ठिणगी भाचीने मागून घेतली. ती तुझ्याकडेही पहिल्या फटक्यात पडेल, असे मी तिला सांगितले. माहीत आहे, म्हणाली, आणि तिने ती आपल्या यंत्रात उतरवून घेतली. दादाची शिट्टीही तिने नेली आहे. ती कशासाठी हे मी विचारले नाही आणि ती या मृत्युपत्रात धरू नये.

उरलेले यंत्र, चार्जर व मऊ पिशवीसह, इस्पितळातल्या व्यायामाच्या खोलीला द्यावे. त्या बाई अजून तिथेच आहेत. डावी बाजू हरवलेली माणसे त्यांच्याकडे येतच राहतात. त्यांनी ढेकळाला खेळातून मोकळे सोडू नये, त्याचे नाव बदलू नये आणि त्याला वेगाचा खडा घालू नये. घातला तरी उपयोग नाही, पोट भरलेले आहे. खेळणाऱ्याच्या डावीकडे कुणीतरी स्टूल घेऊन बसावे आणि आकडे मोठ्याने, घाई न करता वाचावेत.

वाचणाऱ्याने मधूनमधून उजवीकडेही बघावे.

येथे माझे कलम संपते. वरील मजकूर मी स्वतः वाचून पाहिला आहे आणि त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटत नाही. याचा अंमल भाचीने करावा. भाची व सांडलवंड यांना यात वाटा असल्याने त्यांच्या सह्या साक्षीदार म्हणून घेतलेल्या नाहीत. त्या दोघी जिन्यात बसून ऐकत आहेत.

स्थळ: घर, खालची कामाची खोली, ओट्याजवळ.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

सही: (स्वहस्ते)

साक्षीदार पहिले: शेजारचे सुतार. सही माझ्यासमोर केली. हात कापत नव्हता.

साक्षीदार दुसऱ्या: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातील बाई. सही माझ्यासमोर केली. करणारी पूर्ण शुद्धीवर आहे. सही झाल्यावर त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, आणि खिडकीत ऊन होते म्हणून आम्ही थोडा वेळ बसलो.